दुसऱ्याच्या खुराकावर कुस्ती मारता येते का? फौजी मंडळींनो आणि बाकीच्यांनीबी बोला

सिग्नलवाला_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. २४ वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसच्या खात्यात, काढून आता घरी बसलोय. रोज सकाळी टेंबलाईवर फिरायचं आणि येताना आम्ही पाचसहा माजी सैनिक चहाच्या गाडीवर थांबायचं, हा कार्यक्रम. काल तिथं वाद एवढा पेटला की चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला आणि म्हणाला, आता जावा की घरला. विषय साधाच, युक्रेनला एवढी मदत मिळाली, उद्या चीन आणि पाकिस्तान एकदम अंगावर आले तर आपल्याला कोण देणार? आमचे एक सुभेदार साहेब म्हणाले, रशिया हाय की. मी म्हटलं साहेब, एस-४०० म्हणजे हवाई हल्ले अडवणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या पाच युनिटचा करार २०१८ ला झाला, तीन आली, उरलेली दोन त्यांच्याच लढाईपायी किती लांबली बघा.

माझं म्हणणं असं की मदत म्हणजे खुराक. बदाम-दूध कुणीबी घालंल, पण खासबागच्या मातीत उतरल्यावर एकट्यालाच लढायचं असतंय, आणि खुराक घालणाऱ्यानं मैदानाच्या आदल्या दिवशी हात आखडला तर मग काय करायचं? युक्रेनचं मार्च २०२५ ला तेच झालं. अमेरिकेनं हत्यारं तर थांबवलीच, गुप्त माहितीबी काही दिवस बंद केली. १९९४ ला त्यांनी अण्वस्त्रं सोडली तेव्हा तुमच्या सीमांना हात लावणार नाही म्हणून कागदावर सह्या झाल्या होत्या, त्यात एक सही रशियाची होती, आता बोला.

आणि दुसरं म्हणजे शत्रू म्हटलं की आम्ही सगळे अजून एलओसीकडंच बघतो, सायबरकडं नाही. माझ्या एका मित्राला पेन्शनच्या नावानं फोन आला. संत्री ड्युटीवर 'थम, कौन आता है' विचारलेला गडी, संकेत शब्द चुकला तर ब्रिगेडियरलाबी आत सोडला नसता, त्यानं समोरच्या गोड आवाजाला ओटीपी सांगून टाकला. ४८ हजार गेले. तर तुमची मतं सांगा, पण शिवीगाळ नको.

तालमीतलं_पोरगं:
काका नाद खुळा लिवलंय, पण खुराकाशिवाय झालेला एक पैलवान दाखवा. शाहू महाराजांनी बाहेरचे मल्ल कोल्हापुरात आणून दरबारातनं खुराक दिला म्हणून तर कुस्ती इथं रुजली. १९७१ च्या ऑगस्टमध्ये रशियाशी करार केला नसता तर डिसेंबरात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात शिरलं तेव्हा आपण काय टाळ्या वाजवत बसलो असतो? कारगिलला मिराज विमानांवर लेझरनं निशाणा धरायचं यंत्र इस्रायलचं होतं, म्हणून टायगर हिलवर बॉम्ब नेमका पडला. एकट्यानं लढायची भाषा भाषणात लई भारी वाटती, लढाईत नाही.

सिग्नलवाला_कोल्हापूर:
भावा, १९७१ चं मान्य, करार अगोदर केला, गरज पडायच्या आधी. फरक तिथंच हाय. १९६२ ला घात झाल्यावर पळापळ करून अमेरिकेकडनं हत्यारं मागवली, ती आलीबी, पण पाठोपाठ काश्मीरवर पाकिस्तानशी बोलणी करा म्हणून अमेरिका आणि इंग्लंड मानगुटीवर बसले. १९६५ ला तर अमेरिकेनं दोघांनाबी हत्यारं बंद केली. जास्त कळ कुणाला लागली? पाकिस्तानला. त्यांचा रणगाडा पॅटन, विमान सेबर, सुटा भागबी तिकडनंच यायचा. खुराक सगळा एकाच गोठ्यातनं आणला की असं होतंय.

सडेतोड_कागलकर:
दोघांचंबी चुकतंय. सायबर सायबर करून उगं बाऊ चाललाय. मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपल्यावर १५ लाखांच्या वर सायबर हल्ले झाले असं महाराष्ट्र सायबरनंच सांगितलं, आणि त्यातले यशस्वी किती? १५०. म्हणजे दहा हजारात एक. शेवटी डोंगर घ्यायला पायदळच जातंय, संगणक नाही. आमच्या मराठा पलटणीला विचारा. आणि मदतीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला, आपण ऑपरेशन दोस्त काढून विमानं भरून पाठवली, आणि दोन वर्षांनी त्यांचेच ड्रोन पाकिस्ताननं आपल्यावर सोडले. घ्या दोस्ती. ह्यापुढं एक ब्लँकेटबी देऊ नये कुणाला.

नर्सिंग_असिस्टंट_रिटायर्ड:
कागलकर, मी मेडिकल कोअरचा माणूस, तुर्कस्तानला मी नव्हतो पण आपल्या फील्ड हॉस्पिटलनं हतायमध्ये तंबू ठोकून काम केलं, त्यातली प्रत्येक गोष्ट मला घरात बसून दिसत होती. ढिगाऱ्याखालनं काढलेल्या पोराचा पाय दाबला गेला असला की वजन उचलल्यावर लगेच किडनीवर ताण येतोय, म्हणून उचलायच्या आधी सलाईन सुरू करावं लागतंय. त्या टायमाला त्याचं सरकार कुणाला ड्रोन विकतंय हे डोक्यात येत नाही. आलं तर त्यानं ते काम करू नये. ड्रोनचा हिशोब ज्याचा त्यानं करावा, व्यापार बंद करा, टूर बंद करा, माझी हरकत नाही. आणि २०१९ च्या महापुरात शिरोळला नौदलाच्या बोटी आल्या तेव्हा आपण कुणाला विचारलं होतं का, तू कुठल्या राज्याचा?

सडेतोड_कागलकर:
नौदल आपलंच हाय हो, काय तुलना करताय.

पुण्यात_अडकलेली_कोल्हापूरकर:
मी बँकांच्या सायबर सुरक्षेत काम करते म्हणून लिहिते. आधी एक. पप्पा, तो 'मित्र' कोण ते सांगा आता सगळ्यांना. मम्मीनं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं.

आता मुद्द्याचं. १५ लाखात १५० म्हणजे काहीच नाही असं कागलकर म्हणतात, पण किल्ल्याला शंभर बुरूज असले तरी घोरपड एकाच जागी चिकटते ना. ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतनं ९४ कोटी गेले, तो एकच हल्ला होता. आणि पद्धत ऐका, फौजी माणसाला लगेच कळेल. एटीएममध्ये कार्ड घातलं की बँकेच्या मशीनला विचारलं जातं, हा आपला माणूस आहे का? चोरांनी ते विचारणं मधेच अडवून स्वतःच्या खोट्या मशीनकडं वळवलं. तिथनं प्रत्येक वेळी उत्तर, हो हो आपलाच आहे, द्या पैसे. म्हणजे संत्रीच बदलला. २८ देशांत बनावट कार्डं चालली, आणि आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधनंसुद्धा पैसे निघाले बरं का. पैसे काढणारी पोरं इथलीच भाडोत्री, पण यामागं उत्तर कोरिया होता असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आलं. आता हा शत्रू कुठल्या सीमेवर उभा आहे सांगा.

सिग्नलवाला_कोल्हापूर:
बरं मीच तो. झालं समाधान? लाजंपायी सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या नंबरवर फोनबी केला नाही, तासाभरात केला असता तर बँकेला पैसे पुढं जायच्या आत अडवता आले असते. आयुष्यभर वायरलेसवर साधं गावाचं नाव उघड बोललो नाही आणि घरच्या सोफ्यावर बसून सहा आकडे वाचून दाखवले. त्यानं माझा रँक, युनिट, रिटायरमेंटची तारीख सगळं बरोबर सांगितलं हो, तिथंच फसलो.

तालमीतलं_पोरगं:
काका मानलं तुम्हाला. उघड बोलायला छाती लागती.

निवृत्त_वायरमन:
मी लाईटचा माणूस. सिग्नलवाले, तुम्ही युक्रेनचं हत्यारांचं सांगितलं, आमच्या धंद्यातलं एक राहिलं. डिसेंबर २०१५, तिथल्या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बसलेला आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागला. ह्यानं माऊसला हात लावलेला नाही, बाण जातोय, एकेक ब्रेकर उघडतोय, गावं अंधारात. सव्वादोन लाख ग्राहक गेले. पण काही तासात लाईट परत आली, कशी? माणसं गाड्या घेऊन सबस्टेशनला गेली आणि हातानं ब्रेकर टाकले. जुनी पद्धत अजून शिल्लक होती म्हणून वाचले. आपल्याकडं आता सगळं रिमोटवर न्यायची घाई झालीया, चांगलंच हाय, पण हातानं ब्रेकर टाकणारा गडी तेवढा कमी करू नका एवढंच माझं सांगणं.

सडेतोड_कागलकर:
मग १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई बंद पडली ती चीननंच पाडली म्हणायचं का?

निवृत्त_वायरमन:
मी तसं म्हटलंच नाही. तेव्हा राज्याचे गृहमंत्री घातपाताचा संशय म्हणाले, केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले माणसाची चूक. ज्याला जे पटलं त्यानं ते धरलं. लाईन ट्रिप व्हायला चीन लागतोयच असं नाही, ३३ वर्षांत खारीनं पाडलेली लाईन मी किती वेळा उचललीया.

पुण्यात_अडकलेली_कोल्हापूरकर:
हे बरोबर. प्रत्येक बिघाड शत्रूच्या नावावर खपवला की आपल्या चुका झाकल्या जातात, आणि त्याचाही शत्रूला फायदाच. मे २०२५ मध्ये एटीएम दोनतीन दिवस बंद राहणार असा मेसेज फिरला होता आठवतंय? खोटा होता, सरकारनं तसं सांगितलंही. पण आमच्या गल्लीत एटीएमपुढं रांग लागली. ह्याला हॅकर लागला नाही, फॉरवर्ड करणारे काका पुरले. (पप्पा, तुम्हीपण केला होता.)

तालमीतलं_पोरगं:
😂😂 पण ताई, मग मदतीचं काय? सायबरमध्ये तरी दुसऱ्याची मदत घ्यायची का नाही?

पुण्यात_अडकलेली_कोल्हापूरकर:
घ्यावीच लागते, रोज घेतो. नवा व्हायरस दुसऱ्या देशात आधी सापडला की त्याची खूण आपल्याला मिळते, आपण सापडलेली त्यांना देतो. इथं एकट्यानं लढणारा मरतो. पप्पांचं खुराकाचं मला अर्धंच पटतं. माहिती घ्या, पण चावी दुसऱ्याच्या कनवटीला ठेवू नका. स्टारलिंकवर, म्हणजे एका खासगी कंपनीच्या उपग्रह इंटरनेटवर, युक्रेनची लढाई चालली, आणि २०२२ ला क्रिमियाजवळ ते चालू करायला मालकानं नकार दिला. एका माणसानं.

चहाच्या_गाडीवरचा_सुभेदार:
मीच तो सुभेदार. पोरीनं धागा पाठवला. सिग्नलवाल्या, दोन युनिट लांबली हे बोंबलून सांगितलंस, पण जी आली ती मे २०२५ ला आपल्या आकाशात उभी होती ना, ती कुणाची? रशियाचीच. मी उद्या सकाळी हेच परत म्हणणार हाय, तयारीनं ये. आणि मागच्या आठवड्याच्या चहाचे पैसे तुझ्याकडं राहिलेत, ते क्यूआरवर नको, रोख दे.