बारावीचं बायो आणि इतिहास : मार्क कुठे जातात, कसे राखायचे (अनुभव धागा)

बाळीवेसकर
सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागले आणि बारावीची पूर्वपरीक्षा आठवली. म्हणून हा धागा. घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "बायो काय, इतिहास काय, नुसतं पाठांतर." पोरांचं नुकसान तिथूनच सुरू होतं. दोन्ही विषय हातानं करायचे आहेत. बायोची (जीवशास्त्राची) आकृती पुस्तक मिटून काढता आली पाहिजे. इतिहासाचा धडा एका आडव्या रेषेवर सालांसकट मांडता आला पाहिजे. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, कोरा कागद पुढ्यात घेतला की खरं कळतं. ज्यांनी शिकवलंय, पेपर तपासलेत, त्यांनी नेमकं लिहा. "मन लावून अभ्यास करा" हे सगळ्यांना माहीत आहे.

लालपेन
बायोपासून सुरुवात करतो. लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०. पहिल्या प्रश्नात १० पर्याय, दुसऱ्यात एकेका मार्काचे ८. मग दोन मार्कांचे १२ पैकी ८, तीनचे १२ पैकी ८, चारचे ५ पैकी ३. पर्याय लिहिताना अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं "ब" लिहून पुढे जायचं नाही. आणि पहिलंच उत्तर धरतात. खाडाखोड करून खाली दुसरं लिहिलं तरी उपयोग नाही.

विडीघरकुल
वेळेचं गणित पण मांडा ना सर. भाकरी तव्यावर आहे, रात्री वाचते.

लालपेन
मांडतो ताई. पहिले दोन प्रश्न २५ मिनिटांत. दोन मार्काला ५ मिनिटं, म्हणजे आठांना ४०. तीन मार्काला ७, म्हणजे ५६. चार मार्काला १०, म्हणजे ३०. बेरीज १५१. उरलेला अर्धा तास आकृत्या रेंगाळतात त्यासाठी आणि शेवटी नजर फिरवायला. ११ ते २ नंतरची वाढीव १० मिनिटं यात धरू नका, ती बैठक क्रमांक आणि पुरवण्या तपासायला ठेवा.

जुळेसोलापूर_०७
आकृत्यांवर बोला कुणीतरी, माझ्या भाचीचं तिथंच जातंय.

सदाफुली
आकृती पेन्सिलीनं, शेडिंग नको. नावं शक्यतो उजव्या बाजूला एकाखाली एक, रेषा आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या आणि भागाला टेकलेल्या. रेषा हवेत सुटली की त्या नावाचा मार्क गेला.

हमखास चुका सांगते. हृदय काढताना डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. आकृतीतली डावी बाजू म्हणजे हृदयाची उजवी. डाव्या व्हेंट्रिकलची (खालच्या कप्प्याची) भिंत जाड दिसलीच पाहिजे, कारण त्याला रक्त सगळ्या शरीराला ढकलायचं असतं, उजव्याला फक्त फुप्फुसापर्यंत. पल्मनरी आर्टरी (फुप्फुसाकडे जाणारी धमनी) उजव्या व्हेंट्रिकलमधून निघते आणि तिच्यात अशुद्ध रक्त असतं, नावातल्या आर्टरीला भुलायचं नाही.

फुलाच्या एम्ब्रियो सॅकमध्ये (भ्रूणकोशात) मुलं आठ पेशी लिहून मोकळी होतात. पेशी ७, केंद्रकं ८, कारण मधल्या पेशीत दोन पोलर न्यूक्लिआय असतात. अंडपेशी आणि तिच्या शेजारच्या दोन सिनर्जिड पेशी मायक्रोपाइलच्या (बीजांडाच्या छिद्राच्या) टोकाला, तीन अँटिपोडल पेशी समोरच्या टोकाला. हे उलटं झालं की पुढे पोलन ट्यूब (परागनलिका) कुठून शिरते तेही उलटंच लिहिलं जातं. एक चूक दोन ठिकाणी मार्क खाते.

हृदयाच्या ठोक्याचे आकडे बेरजेनं लक्षात ठेवा : ०.१ एट्रियल सिस्टोल (वरचे कप्पे आकुंचन), ०.३ व्हेंट्रिक्युलर सिस्टोल (खालचे कप्पे आकुंचन), ०.४ जॉइंट डायस्टोल (सगळे सैल), मिळून ०.८ सेकंद. मिनिटाला ७२ ठोके, दर ठोक्याला ७० मिली, म्हणून कार्डिॲक आउटपुट (हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त) ५०४० मिली. गुणाकार करून दाखवा, एकक लिहा.

शेंगाचटणी
सदाफुली मॅडम, लई छान! जनुकशास्त्राचं पण सांगा की.

सदाफुली
चार ओळी कधी गाळायच्या नाहीत : पालकांचा फिनोटाइप (दिसणारा गुण), जीनोटाइप (जनुकांची जोडी), गॅमेट्स (जननपेशी), मग चौकट. खाली दोन्ही गुणोत्तरं. डायहायब्रिडमध्ये (दोन गुणांच्या संकरात) ९:३:३:१ लिहून थांबतात, ते फिनोटाइपचं झालं. जीनोटाइपचं १:२:१:२:४:२:१:२:१, बेरीज १६ येते का बघायची. बाकी उद्या, दळण आणायचंय.

चारपुतळा
आता इतिहास. साल सुटं पाठ केलं की सुटं विसरतं. कारण, घटना, परिणाम अशी साखळी करा आणि जमेल तिथं आपल्या गावाला अडकवा. सोलापूरच्या पोरांना हे सोपं आहे की ओ.

सविनय कायदेभंग घ्या. मे १९३० च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, सोलापूरचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, शहरावरचा सरकारचा ताबा सुटला, १२ मेला मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. दोन्ही तारखा १२, आणि दुसरी ऐन गड्ड्याच्या दिवसांत येते. चार नावं पूर्ण लिहा. "चार जणांना फाशी झाली" एवढ्यानं उत्तर भरत नाही.

मराठ्यांचा शेवट घ्या. वसईचा तह १८०२. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, ते आष्टी आपल्याच जिल्ह्यातलं. मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला, जूनमध्ये दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांच्या माल्कमला शरण गेला.

हैदराबादचं तसंच. ऑपरेशन पोलोची (निजामावरच्या भारताच्या लष्करी कारवाईची) मुख्य फौज १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेनं निघाली, १७ तारखेला निजाम शरण आला. हैदराबादला जाताना तोच रस्ता लागतो, पोरांना दाखवा.

मंद्रूपचा_मुलगा
अण्णा, डॉ. कोटणीस पण लिहा ना. भैय्या चौकातले.

चारपुतळा
बरोबर आहे बाळा. जन्म सोलापूरचा, १९१०. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं त्यात ते होते, डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले. जपान-चीन युद्धाच्या उत्तरात एक ओळ चपखल बसते. एकच, पानभर नको.

भुईकोट
इतिहासाची लेखी ८०, बाकी २० अंतर्गत. चुकीची जोडी ओळखायला सांगितली की दुरुस्त करून लिहायचीही असते, अर्धी पोरं नुसती ओळखून पुढे जातात. नकाशाच्या प्रश्नात उत्तर नकाशातच असतं, सूची आधी वाचा. "तुमचे मत नोंदवा" मध्ये मत एका वाक्यात, मग धड्यातले तीन पुरावे सालांसकट. पुरावे नसले तर तो भाषणाचा परिच्छेद होतो.

शीतयुद्धातल्या लष्करी करारांचा नाटो १९४९, सीटो १९५४, वॉर्सा १९५५ हा क्रम घट्ट धरा. बांडुंग १९५५ आणि बेलग्रेड १९६१ यांची गल्लत होते : बांडुंगला आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद, बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद.

विडीघरकुल
आत्ता वाचलं सगळं. मार्चमध्ये घामानं शाई पसरते, तळहाताखाली रुमाल ठेवायला सांगा पोरांना. पाण्याची बाटली पारदर्शक. सकाळी भाकरी, दही आणि जराशी शेंगाचटणी, तेलकट काही नको.

शेंगाचटणी
माझं नाव काढलं का अक्का 😄

माळरान
बायोत स्थानिक उदाहरणं चालतात, पण योग्य जागी. इन सिटू संवर्धन (मूळ अधिवासातच जपणं) म्हटलं की नान्नजचं माळढोक अभयारण्य. बीजपेढी आणि प्राणिसंग्रहालय एक्स सिटूमध्ये (अधिवासाबाहेर जपणं). प्लँट ब्रीडिंगमध्ये निवडीचं उदाहरण म्हणून मोहोळला तयार झालेला ज्वारीचा वाण मालदांडी ३५-१ लिहा. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूमुळे येतो, तो बुरशीत टाकू नका. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आधी, आपलं नंतर.

मंद्रूपचा_मुलगा
प्रात्यक्षिकाचं विचारू का? कांद्याच्या मुळाची स्लाइड करतोय, नुसत्या लांबट पेशी दिसतात. मायटॉसिस (पेशीविभाजन) नाहीच.

सदाफुली
टोक सोडून वरचा भाग घेतलास. विभाजन फक्त टोकाच्या २-३ मिलिमीटरमध्ये चालतं, रंग घेतल्यावर तेच जास्त गडद दिसतं. तेवढं ठेव, बाकी काढून टाक.

पहिल्यापासून कर. कांद्याची जुनी वाळकी मुळं ब्लेडनं काढ. पाणी भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा ठेव की बूड फक्त पाण्याला टेकेल, बुडाला तर सडतो. तीन ते सहा दिवसांत मुळं येतात. ती सकाळी ८ ते १० मध्ये काप. एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग इथेनॉलमध्ये (हेच फिक्सेटिव्ह) २४ तास. मग धुऊन एक थेंब सौम्य एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड), दोन-तीन थेंब ॲसिटोकार्मिन रंग, पाच-दहा मिनिटं थांब, ज्योतीवरून हलकं ऊब दे. उकळू द्यायचं नाही, रंग सुकू द्यायचा नाही. टोक काप, पाण्याचा थेंब, कव्हरस्लिप, सुईच्या मागच्या बाजूनं हळू ठोक. कव्हरस्लिप सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

मंद्रूपचा_मुलगा
मॅडम, मुळं आलीत तीन सेंटिमीटर. उद्या कापू?

सदाफुली
उद्या ८ ला. फिक्सेटिव्ह आज कॉलेजातून मागून ठेव, आणि सर समोर असतानाच ॲसिडला हात लाव.