टाक्याच्या काठावर भांडी घासायची नाहीत म्हणजे नाहीत

कातळवाट :
परवा इथेच एकाने हरिश्चंद्रगडाच्या मुक्कामाचं टिपण टाकलं. तंबू कुठे लावायचा, थंडीला काय न्यायचं, पाचनईची वाट की तोलार खिंड, सगळं नीट लिहिलेलं. आणि शेवटी ही ओळ : ‘भांडी टाक्याच्या काठावरच घासा, पाणी वाहायचा त्रास वाचतो. साबण बायोडिग्रेडेबल असला की निसर्गाला काही होत नाही.’ खाली सगळ्यांचे अंगठे. तेव्हापासून डोक्यात तिडीक बसली आहे, म्हणून लांबलचक लिहितोय.

गडावरचं टाकं म्हणजे ओढा नव्हे. तो कातळात खोदलेला हौद आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भरतो आणि तेच पाणी पुढचे आठ महिने पुरवायचं असतं. त्यात गेलेलं तेल, मीठ, भाताची शितं, साबण यांना बाहेर पडायला वाटच नाही. फेब्रुवारी-मार्चनंतर पाणी आटतं, घाण आटत नाही. ती उरलेल्या पाण्यात दाट होत जाते. शितं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, मग शेवाळ, मग तो वास. साबणाने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो, त्यावर पळणारे किडे बुडतात, माशांच्या कल्ल्यांना इजा होते.

आता ‘बायोडिग्रेडेबल’. ‘सहज विघटनशील’ हा शिक्का मिळवायच्या नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांत साधारण ६० टक्के पदार्थ जिवाणूंनी फस्त केला की पास. २८ दिवस! आपण शनिवारी घासून रविवारी गड उतरतो आणि सोमवारी दुसरा कोणी त्याच टाक्यात बाटली बुडवतो. हे काम करणारे जिवाणू मातीत खच्चून भरलेले असतात, म्हणून ते पाणी मातीला द्यायचं.

करायचं एवढंच. ताट भाकरीच्या तुकड्याने पुसून खायचं. पातेलं खरवडून ते खरकटं पिशवीत भरायचं आणि खाली न्यायचं. टाक्यातून पाणी स्वच्छ भांड्यात काढून २०० फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं, लांब जायचं, तेही उताराच्या अंगाला, टाक्याच्या वर कधीच नाही. खरकटं पाणी जुन्या पंच्यातून गाळायचं, गाळ पिशवीत, आणि पाणी माती-गवतावर लांब फेकून पसरायचं. एका जागी ओतायचं नाही. खिचडीच्या पातेल्याला साबण लागत नाही, गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरते.

पायपीट :
टिपण माझं नव्हतं, पण मी पंधरा वर्षं ग्रुप घेऊन जातोय, त्यामुळे बोलतो. २०० फूट हे अमेरिकेतल्या जंगलांचं माप आहे. तिथे नदीकाठी सपाट माती आहे. मदनगडाचा माथा केवढा? सत्तर पावलं चाललात तर दरीत जाल. एकदा असंच ‘पाण्यापासून लांब’ म्हणून अंधारात पातेलं घेऊन गेलेल्या आमच्या मुलाचा पाय मुरगळला. त्याला पाठीवर घेऊन उतरवलाय मी. तेव्हा तुमची पुस्तकी पावलं कामाला आली नाहीत.

आणि आमची वीस ताटंच दिसतात का? गडावरचे स्टॉलवाले दिवसभर भांडी धुतात. खाली तळ्यात म्हशी बसतात, कपडे आपटले जातात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. शहरातून आलेला ट्रेकर तेवढा गुन्हेगार.

भाताचं खाचर :
दादा, ते ‘स्टॉलवाले’ म्हणजे माझी आत्या. माझं माहेर अशाच एका गडाच्या पायथ्याला आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

म्हैस बसते ते तळं वेगळं आणि प्यायचं टाकं वेगळं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. कोणतं टाकं कशाला, हे ठरलेलं आहे. आत्या भांडी टाक्यात धूत नाही. हंडा भरून झोपडीमागे नेते, आणि ते पाणी तिने लावलेल्या आळूला जातं. तुम्ही कधी झोपडीमागे जाऊन बघितलंय?

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. रविवारी सकाळी आत्या पाण्याला गेली तर टाक्यावर तेलाचा तवंग आणि मॅगीचे तुकडे. रात्री कुठल्या तरी मोठ्या ग्रुपचा मुक्काम होता. तिने वरचं पाणी हंड्या-हंड्याने उपसून टाकलं, तरी वास जाईना. त्या दिवशी भाकऱ्या झाल्या नाहीत. उन्हाळ्यात रविवार गेला म्हणजे तिचा आठवडा गेला. त्याच ग्रुपमधली माणसं ‘मावशी, आज पिठलं नाही का’ विचारत होती. तिने काय सांगायचं त्यांना?

पायपीट :
ताई, तुमच्या आत्यांबद्दल मी वाईट बोललो नाही. तो ग्रुप माझा नव्हता.

भाताचं खाचर :
कोणाचा होता ते मी विचारलंच नाही.

शिकेकाई :
एवढं भांडण कशाला? रिठा वापरा. आमच्या घरी दहा वर्षं भांड्यांना रिठ्याचं पाणी आहे. झाडाचं फळ, निसर्गातून आलं, निसर्गात गेलं. टाक्यात पडलं तरी काही होत नाही.

ओढ्याकाठ :
नाही, नाही, नाही. हे लिहू नका, लोक खरं मानतील. रिठ्याचा फेस ज्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो तेच माशांना विष आहे. लहानपणी आम्ही गेळाची फळं कुटून डोहात कालवायचो. थोड्या वेळात मासे झिंगून वर यायचे आणि आम्ही टोपलीने गोळा करायचो. त्यातही सॅपोनिनच. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण मोठ्यांबरोबर बोटाएवढी पिल्लंही उलटी व्हायची. रिठा मातीवर टाका, माझी काही तक्रार नाही. पाण्यात नाही. झाडापासून आलं म्हणून निरुपद्रवी, हे डोक्यातून काढा.

शिकेकाई :
हे माहीत नव्हतं. मातीवरच टाकत जाईन. पण बाजारातल्या निळ्या जेलपेक्षा बरंच ना?

चुलीचा धूर :
माझा साधा प्रश्न. गाळणं, पसरणं वगैरे नाटकं करण्यापेक्षा हातभर खड्डा खणा, ओता, बुजवा. आम्ही शेतावर मुक्कामाला हेच करतो.

कातळवाट :
शेतावर करा, जरूर करा. गडावर नको. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, तिथे खणायला कायद्यानेच मनाई आहे. आणि खणणार कुठे? माथ्यावर माती चार बोटं, खाली काळा कातळ. त्या चार बोटांत खरकटं पुरलं की रात्री रानडुक्कर नाहीतर गडावरची कुत्री उकरतात. पसरून टाकलेलं पाणी उन्हाने दुपारपर्यंत सुकतं.

आणि पायपीट, मदनगडाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. इतक्या लहान माथ्यावर सत्तर पावलं नाहीत. मग तिथे रस्साभात शिजवायचाच कशाला? धपाटे, दशम्या, चटणी न्या. आपले आजोबा-पणजोबा शिदोरी बांधूनच डोंगर चढायचे.

जुनी पडशी :
शिदोरीवरून आठवलं. माझे आजोबा जेवण झालं की ताटात पेलाभर पाणी घालत, बोटाने फिरवत आणि पिऊन टाकत. शेजारच्या जैन काकूंकडेही तीच रीत होती. अन्नाचा कण वाया जायचा नाही आणि धुवायला उरायचं नाही. मी ट्रेकला गेली वीस वर्षं हेच करतो. माझ्या ताटाचं खरकटं पाणी पोटात जातं, टाक्यात नाही.

लसूणचटणी :
वाचूनच कसंतरी झालं. माफ करा, पण हे मला जमणार नाही.

जुनी पडशी :
तुम्ही आमटी वाटीला तोंड लावून पिता ना? तीच आमटी, थोडं पाणी घातलेली. दुसऱ्याच्या प्यायच्या टाक्यात आपलं उष्टं सोडायला किळस येत नाही आणि आपलंच उष्टं पिताना येते, याचा विचार करा.

रानजाई :
काका, तुमच्या ताटाचं कौतुक झालं. पातेलं कोण घासतं? मी हाच प्रश्न घेऊन बसले आहे. दहा वर्षं ट्रेक करतेय. प्रत्येक मुक्कामाला तेच दृश्य. मुलं शेकोटीभोवती गाणी म्हणतात आणि दोन-तीन मुली पातेलं, परात, झारा घेऊन अंधारात टाक्याकडे. कोणी सांगत नाही, आपोआप होतं. गेल्या डिसेंबरात करपलेल्या खिचडीचा टोप मी पाऊण तास घासला. गारठ्याने बोटं बधिर झाली होती. त्या वेळी मला कोणी ‘सत्तर पावलं लांब जा’ म्हणालं असतं तर तो टोप मी त्याच्याच हातात दिला असता.

लसूणचटणी :
अगदी हेच! आमच्या ग्रुपमध्ये तर ‘तुम्हाला सवय असते’ असं तोंडावर म्हणाले होते.

चुलीचा धूर :
विषय काय, चाललंय काय. सगळीकडे बायका-पुरुष आणायलाच हवं का? आमच्यात पुरुषच स्वयंपाक करतात.

रानजाई :
स्वयंपाक करतात, तो दिसतो. रश्शाचे फोटो निघतात. नंतरच्या टोपाचा फोटो कधी पाहिलात? आणि विषय हाच आहे. ज्याला घासायचं नसतं, तो वीस जणांना तेलकट चिकन रस्सा ठरवतो. ज्याला घासायचं असतं, ती दमलेली असते, अंधार असतो, पाणी जवळ असतं. मग ती काठावरच घासणार. मीही घासलंय काठावर. कबूल करते, वाईट वाटतं. पण मला एकटीला दोष लावू नका.

चुलीचा धूर :
मग सांगायचं ना त्याच वेळी, ‘मी घासणार नाही’ म्हणून. तोंड आहे ना?

रानजाई :
सांगितलं होतं. पुढच्या ट्रेकला मला बोलावलं नाही.

पुलावरून :
मला या सगळ्यात राग येतो तो धरणाकाठच्या कॅम्पवाल्यांचा. पवनेकाठी शनिवारी रात्री तंबूंच्या रांगा लागतात. बार्बेक्यूच्या जाळ्या, तेलकट ताटं. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलं, धुण्याच्या जागेचा पाइप सरळ पाण्याकडे सोडलेला. विचारलं तर म्हणाले, ‘एवढ्या मोठ्या धरणाला काय होतंय.’ मी चिंचवडला राहतो. पिंपरी-चिंचवडच्या नळाला मुख्यतः पवनेचंच पाणी येतं. तुमचं टाकं जपाच, पण ट्रेकर एकमेकांची डोकी फोडत बसलेत आणि धंदेवाईक मोकळे.

पायपीट :
धंदेवाईक म्हणजे मीही आलो, पैसे घेतो म्हणून. सगळ्यांना एका काठीने झोडू नका. शोषखड्डा केलेले कॅम्पही आहेत, मी पाहिलेत.

पुलावरून :
मग त्यांनी बाकीच्यांना झापावं. शोषखड्डा पाण्यापासून दूर, आत विटांचे तुकडे आणि वाळू, तोंडाशी खरकटं अडवायला जाळी. आमच्या गावच्या घरी मोरीला हेच आहे, आम्ही दोघा भावांनी दोन दिवसांत केलं. महिनोन्महिने एकाच जागी तंबू लावणाऱ्याला सबब नाही.

भाताचं खाचर :
रानजाई ताई, तुमचं वाचून आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, पोरींना म्हणावं, टोप माझ्याकडे आणा, झोपडीमागे घासू, पाणी आळूला जाईल. पण आधी विचारा. न विचारता टाक्यावर जाऊ नका.

पायपीट :
काल रात्री हे सगळं पुन्हा वाचलं. कातळवाट यांचा सूर मला अजून पटलेला नाही. रात्री दहा वाजता थंडीत वीस माणसं सांभाळणं काय असतं ते लिहिणाऱ्याला कळत नाही. पण एप्रिलातल्या त्या मॅगीवर माझ्याकडे उत्तर नाही. तो ग्रुप माझा नव्हता, पण माझा असू शकला असता.

पुढच्या शनिवारी पाचनईवरून जातोय, २२ जण. रश्शाऐवजी खिचडी, तीही संध्याकाळी सहाला, म्हणजे भांडी उजेडात होतील. दोन बादल्या, एक पंचा, खरकट्याची एक डबल पिशवी. पातेलं घासायची चिठ्ठी टाकणार, पहिली चिठ्ठी माझ्या नावाची. ताट धुऊन मात्र मी पिणार नाही.

जुनी पडशी :
पिऊ नका. पण भाकरीने पुसून तरी खा.

कातळवाट :
माझा सूर चढला होता, मान्य. मदनगडाचा मुद्दा माझ्या वरच्या लिखाणात घालतो. पायपीट, तळाला माती लागलेली बादली टाक्यात बुडवू नका, तीच माती पाण्यात जाते. पाणी काढायला वेगळं, स्वच्छ भांडं ठेवा.

पायपीट :
तेवढं कळतं हो मला.

रानजाई :
२२ जणांत मुली किती, आणि चिठ्ठ्या सगळ्यांच्या नावाच्या का?

पायपीट :
नऊ. हो, सगळ्यांच्या.