मदत हवी आहे: आर-१०१ एअरशिप कशामुळे पडलं? आतल्या हायड्रोजनच्या पिशव्यांची गळती की फाटलेलं बाहेरचं कापड?

विज्ञान मंडळात आर-१०१ वर बोलायचं आहे. ४ ऑक्टोबर १९३० ला संध्याकाळी इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून कराचीला (तेव्हाच्या मुंबई इलाख्यात) निघालेलं हे ब्रिटिश एअरशिप (हलक्या वायूवर तरंगणारं हवाई जहाज) रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पडलं, ५४ पैकी ४८ जण गेले. कारण नक्की काय सांगू? आणि आग आधी लागली की नंतर?

प्रतिसाद १
आग नंतर. एकदा सूर मारून ते सावरलं, दुसऱ्या वेळी नाक टेकलं आणि मग पेटलं. हिंडेनबर्ग हे जर्मन एअरशिप हवेतच पेटलं होतं, दोघांची गल्लत करू नका. ठिणगी तापलेल्या इंजिनाची की पाण्याने पेटणाऱ्या कॅल्शियम फ्लेअरची (इशाऱ्याच्या ज्योतीची), यावर अजून वाद आहे.

कारणात 'हे की ते' करू नका, दोन्ही जोडलेली आहेत. वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं, म्हणून पिशव्या धरणाऱ्या तारा सैल सोडल्या. वायू जास्त मावला, पण गुरांच्या आतड्यांच्या पातळ पटलाच्या त्या पिशव्या सांगाड्याला घासू लागल्या. मग हजारो जागी गाद्या बांधल्या. हा उपाय चालणार नाही, असं तपासनीस मॅकवेड यांनी जुलैतच लिहून कळवलं होतं!

पण घासून पडलेल्या भोकांतून वायू हळूहळू जातो, तेवढ्याने असा सूर बसत नाही. सर जॉन सायमन (हो, सायमन कमिशनवालेच) यांच्या चौकशीने १९३१ मध्ये निष्कर्ष काढला: बहुधा नाकाकडचं कापड फाटलं, पुढच्या पिशव्या वाऱ्यात उघड्या पडल्या आणि वायू भराभर गेला. त्यात वाऱ्याचा खाली दाबणारा झोत. मला हे पटतं, कारण जूनमध्ये मुअरिंग मास्टला (एअरशिप बांधायच्या उंच खांबाला) बांधलेलं असतानाच कापड लांबलचक फाटलं होतं.

फळ्यावर हिशेब मांडा: १००० घनफूट हायड्रोजन साधारण ३० किलो उचलतो. पुढच्या टोकाचा ३०,००० घनफूट गेला की तिथे ९०० किलोचा भार. मध्यापासूनच्या अंतराने गुणलं की नाक का झुकलं ते दिसेल.

प्रतिसाद २
एक भर घालतो. जड झालेलं एअरशिप नाक वर धरून, वेगाच्या जोरावर तरंगतं. शेवटी इंजिनं मंद करण्याचा इशारा दिला गेला. वेग घटला की तो आधारही जातो, हे चित्रात बाणांनी दाखवाच. उंची सांभाळणाऱ्या सुकाणूची तार आधी तुटली, असंही एक मत आहे, पण चौकशीच्या मते ती आगीने कमकुवत झाल्यावर तुटली. पूर्ण वेगाची चाचणीही राहूनच गेली होती. १ ऑक्टोबरच्या उड्डाणात एका इंजिनाचा ऑइल कूलर (तेल थंड करणारा भाग) बिघडला आणि तीन दिवसांत जहाज निघालंसुद्धा. खवळलेल्या हवेत हे कापड पूर्ण वेगाला टिकेल का, हे कोणी तपासलंच नव्हतं.