स्विफ्ट डिझेल 2017, सांगली पासिंग. गाडी महापुरातली आहे का, कसं ओळखायचं?

कृष्णाकाठ (भिलवडी)

नमस्कार मंडळी. एका गाडीवर मन बसलंय, पण विसार द्यायला हात पुढे होत नाही, म्हणून विचारतेय.

आमच्या सासऱ्यांचं, अण्णांचं, डायलिसिस मिरजेत चालू आहे. आठवड्यातून दोनदा. मिस्टर सैन्यात आहेत, सध्या पोस्टिंग लांब आहे. आजवर गावातली गाडी भाड्याने करून नेतोय, पण दर वेळी दुसऱ्याच्या सवडीने चालावं लागतं. पहाटे साडेपाचला निघायचं असतं, आणि येताना अण्णांना मागच्या सीटवर आडवं व्हावं लागतं. एकदा गाडीवाला आलाच नाही, तेव्हा त्यांना वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) बसवून न्यावं लागलं. तो दिवस मी विसरू शकत नाही. मला गाडी येते, हात बसलाय. बजेट साडेतीन लाख, त्यावर काही निघणार नाही.

सांगलीत एका डीलरकडे 2017 ची स्विफ्ट डिझेल बघितली. पांढरी, एमएच 10, मीटरवर 62 हजार, दुसरा मालक. मागतोय 3 लाख 40 हजार. अशाच गाडीला बाकी ठिकाणी साडेचारच्या खाली कोणी बोलत नव्हतं. चालवून बघितली. इंजिनचा आवाज चांगला, एसी गार, टायर नवे. कार्पेटही नवं कोरं.

आणि तिथंच मन अडकलं. बसल्या बसल्या सेंटचा भपकारा आला. काचा खाली करून माधवनगरच्या रस्त्याला थोडं पुढे नेली, परत काचा वर केल्या, तर सेंटच्या खालून दुसराच वास आला. तो माझ्या ओळखीचा आहे. 2019 ला आमच्या घरात पाणी माळ्याला लागलं होतं, 2021 ला परत आलं. पूर उतरल्यावर ज्यांनी घर धुतलंय त्यांना सांगायला नको. गाद्या टाकल्या, भिंती घासल्या, रंग काढला, तरी पहिला पाऊस पडला की भिंतीतून तो वास बाहेर येतोच. अगदी तसा.

डीलर म्हणतो, "ताई, गाडी विट्याची आहे. हिनं पाणी बघितलंच नाही." शनिवारपर्यंत 25 हजार विसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. हा माझ्या मनाचा खेळ आहे की खरंच काही आहे? घरात गाडीतलं कळणारं कोणी नाही.

गॅरेज_माधवनगर

ताई, पहिलं सांगतो, विसार देऊ नका. शनिवार गेला तर जाऊ दे. गाडी दुसऱ्यानं नेली तर तुमचं काही नुकसान नाही.

2019 चा ऑगस्ट मी गॅरेजमध्ये काढलाय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 वर. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, सांगलवाडी, जिकडून तिकडून गाड्या टोचन करून येत होत्या. कितीतरी गाड्या टपापर्यंत बुडालेल्या, आणि चार-चार, सहा-सहा दिवस तशाच. दार उघडलं की आतून पाणी आणि गाळ एकदमच खाली यायचा.

लोकांना वाटतं पुराच्या गाडीचं इंजिन जातं. इंजिनचं तितकं नाही. पाण्यात स्टार्टर मारला तर जातं, कारण सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नाही मारला तर खोलून, धुवून, ऑइल बदलून इंजिन उभं राहतं. तुम्ही ऐकलेला चांगला आवाज खोटा नसेल. खरा घात वायरिंगचा. पाणी कपलरमधून, म्हणजे तारांच्या जोडातून, तारेच्या आवरणात शिरतं आणि आतल्या आत लांबवर चढत जातं. तांबं हिरवं पडतं. आज सगळं चालतं, सहा महिन्यांनी एक काच खाली होत नाही, मग मीटर मधेच शून्यावर येतो, मग एके दिवशी गाडी चालू रस्त्यात बंद. कुठली तार तुटली ते शोधायलाच दोन दिवस जातात. पूर्ण हार्नेस (गाडीभर फिरणारा तारांचा जुडगा) बदलायचा तर खर्च परवडत नाही, म्हणून कोणी बदलत नाही. धुतात, वाळवतात, विकतात.

आता तुम्ही स्वतः बघू शकाल असं सांगतो. दिवसा जा, सोबत मोबाइलचा टॉर्च. पुढचा सीट बेल्ट सावकाश ओढत राहा, रीळ संपेपर्यंत. आपण रोज बेल्ट लावतो तो अर्धाच बाहेर येतो. शेवटची वीतभर पट्टी कोणी धुवत नाही, कारण ती दाराजवळच्या खांबाच्या (पिलरच्या) आत गुंडाळलेली असते. तिथं रंगाची रेघ दिसते का बघा, ओलं बोट घासून बघा. मग सीट पूर्ण मागे सरकवून खालच्या पटरीचे बोल्ट बघा. नवं कार्पेट टाकणारा बोल्ट बदलत नाही. डिकीत स्टेपनी काढून तिच्या खड्ड्याच्या कडेला, पत्र्याच्या घडीत बोट फिरवा. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडायला लावा आणि दोन-चार फ्यूज उपसून पायाला हिरवं दिसतं का बघा.

एक गोष्ट फार कमी लोक बघतात. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. पण लागलाच नाही तर जास्त वाईट, म्हणजे कोणीतरी दिवाच काढलाय. अण्णांना घेऊन जाणार आहात, हे सोडू नका.

आणि विट्याची गाडी म्हणतो त्याला अर्थ नाही. जत, आटपाडीची गाडी पण एमएच 10 आणि सांगलवाडीची पण एमएच 10. नंबरवरून पाणी कळत नाही.

कराडकर_50

ताई, तुमचं नाक बरोबर आहे. मी अशी गाडी घेतलीय, म्हणून लिहितो.

2020 च्या दिवाळीत डिझेल सेडान घेतली, बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त. ओळखीतल्या माणसाकडून, म्हणून जास्त बघितलं नाही. पहिला पावसाळा येईपर्यंत गाडीनं सोन्यासारखी साथ दिली. जूनमध्ये मुलीला पुण्याला सोडायला निघालो आणि खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे सगळे दिवे एकदम गेले. हेडलाइट, इंडिकेटर, मीटर, सगळं. मागे ट्रक. मी कशी कडेला घेतली माझं मला माहीत. मुलगी काही बोलली नाही, फक्त माझा हात धरून बसली.

नंतर दीड वर्ष तेच. अल्टरनेटर बदलला, दोन चाकांची बेअरिंग बदलली, पॉवर विंडोच्या मोटरी, एकदा ब्रेकचे कॅलिपर जाम. प्रत्येक मेकॅनिकनं आपापलं काम प्रामाणिकपणे केलं, पण रोग सगळ्या गाडीत होता. शेवटी एका कारागिरानं पुढचं कार्पेट उचललं. खालचा जाड फोम दाबला तर पाणी निघालं. कोरड्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये. म्हणजे तो फोम कधी पूर्ण वाळलाच नव्हता, आणि त्याच्याच खालून सगळी वायरिंग गेलेली. लाख वाचवले होते, त्याच्यापेक्षा जास्त घातले, आणि गाडी शेवटी भंगारच्याच भावात दिली. देताना खरं सांगून दिली.

तुम्ही पहाटे साडेपाचला आजारी माणूस घेऊन निघणार. नका घेऊ.

शाहूनगर_सातारा

कागदाच्या बाजूनं थोडं. माझं काम इन्शुरन्सचं आहे, त्यामुळे नजर तिकडेच जाते.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि बुडालेली गाडी सांगाडा म्हणून लिलावात जाते. ती घेणारा दुरुस्त करतो आणि ती परत बाजारात येते. यात बेकायदा असं काही नाही, लपवून विकणं वाईट. म्हणून डीलरकडे 2019 ते 2022 च्या पॉलिसी मागा. ऑगस्ट 2019 नंतर पॉलिसीत खंड पडलाय का, मोठा क्लेम झालाय का, मालक त्याच सुमारास बदललाय का, हे तीन प्रश्न. दुसरा मालक म्हणताय ना, तो कधी झाला ती तारीख आधी बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नंबरवर सर्व्हिसची जुनी नोंद असते. मालकाला सोबत घेऊन गेलात तर दाखवतात. जून 2019 ला सर्व्हिस आणि त्यानंतर थेट वर्षभरानं, असं दिसलं तर मधलं वर्ष गाडी कुठं होती ते विचारा.

टायरवर चार आकडे गोलात असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. काचांवर आणि सीट बेल्टच्या लेबलवरही साल कळतं. 2017 च्या गाडीला 2019-20 चे बेल्ट दिसले तर ते का बदलले, एवढंच विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

गाडी कुठलीही घ्या, नाव लावून घ्या. को­ऱ्या टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जावर) सह्या घेऊन ठेवतात, "नंतर करू" म्हणतात, त्याला भुलू नका. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. नाव लावायला घेणाऱ्याला 30 दिवस असतात, आणि विमा आपल्या नावावर करायला 14 दिवस. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी कितीही वेळा विकलेली असो. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवा म्हणावं.

वारणाकाठ

सगळ्या पुरातल्या गाड्या टाकाऊ नसतात हो. माझ्या गाडीत 2021 ला पाणी फक्त चाकाच्या वरपर्यंत होतं, आज चार वर्षं चालवतोय. पाणी कुठपर्यंत गेलं त्यावर आहे.

गॅरेज_माधवनगर

दादा, बरोबर आहे. पाणी फ्लोअरच्या खाली राहिलं आणि लगेच बेअरिंग, ब्रेक, ऑइल बघून घेतलं तर गाडी राहते. पण तुम्हाला ते माहीत आहे, कारण गाडी तुमची होती. घेणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून बेल्ट बघायला सांगितलं. बेल्टची रेघ म्हणजे पाणी फ्लोअरच्या वर, गाडीच्या आत आलं होतं.

आणि ताई, महिन्याला सहाशे-सातशे किलोमीटरसाठी डिझेल कशाला? साधी पेट्रोल गाडी बघा, उंच बसायची. अण्णांना गुडघे न वाकवता बसता-उठता येईल.

कृष्णाकाठ (भिलवडी)

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी अण्णांचं डायलिसिस चालू असताना मधल्या वेळात सांगलीला जाऊन आले. सोबत माझा चुलत दीर होता.

एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला, त्यामुळे क्षणभर वाटलं की माझीच चूक. पॉलिसी मागितल्या तर डीलर म्हणाला फक्त चालू वर्षाची आहे. मग मी ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ओढायला घेतला. तो म्हणाला, "ताई, तुटेल." मी ओढतच राहिले. नेहमीची पट्टी काळी, स्वच्छ. मग रीळ जड झालं, हाताला थोडं खरखरीत लागायला लागलं, आणि शेवटच्या वीतभर पट्टीवर आडवी रेघ आली. तिच्या अलीकडे काळं, पलीकडे करडं-तांबूस. बोट ओलं करून घासलं तर बोटाला गाळ आला. बारीक, मऊ, पिठासारखा.

तो गाळ मी ओळखते. आमच्या देवघराच्या भिंतीवर दोन रेघा आहेत, 2019 ची वर आणि 2021 ची हातभर खाली. अण्णांनी त्या रंगवू दिल्या नाहीत, राहू देत म्हणाले. त्याच रंगाची ही रेघ. मी बोट डीलरला दाखवलं. तो काही बोलला नाही. मीही काही बोलले नाही, बेल्ट सोडला आणि निघालो.

जाताना तिथं एक जोडपं तीच गाडी बघत उभं होतं, कडेवर लहान मूल. मी त्या बाईंना बाजूला घेऊन बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा एवढं सांगितलं. दीर म्हणाला आपल्याला काय करायचंय, पण मला राहवलं नाही.

आता पलूसमधल्या एका निवृत्त शिक्षकांची 2015 ची वॅगनआर पेट्रोल कळलीय. पहिलाच मालक, गाडी कुंडलच्या बाजूला उंचावर राहिलेली, सर्व्हिसची वही पहिल्या दिवसापासून जपलेली. सव्वादोन म्हणतात. रविवारी सकाळी बघायला जातेय, गॅरेजवाले दादा सोबत येतो म्हणालेत. अण्णांना पण नेणार आहे. ते म्हणाले, मला बसून बघू दे, मग ठरवू.