पायथन (प्रोग्रामिंग भाषा) : पूर्णांकातली रक्कम चलनाच्या रूपात कशी दाखवावी?

अर्धविराम_हरवला : डेटाबेसमध्ये सगळ्या रकमा सेंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात आहेत. १२३४५०० हा आकडा स्क्रीनवर १२,३४५.०० दिसायला हवा. मी शंभरने भागून राउंड करतो, तर १२३४५.० येतं. स्वतः फंक्शन लिहू की लायब्ररी घेऊ?

टॅब_की_स्पेस : एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरात थेट आकडा बसवायची पायथनची सोय) स्वल्पविराम आणि 'पॉइंट टू एफ' टाक. एका ओळीत विषय संपला.

जुना_बग : नुसतं दाखवायला चालेल रे, पण फ्लोट (दशांश आकडा, जो संगणक अंदाजे साठवतो) एकदा कोडमध्ये शिरला की कोणीतरी त्याच्यावर बेरजा करणारच. मग ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४. पूर्णांक पूर्णांकच राहू दे. डिव्हमॉडने (भागाकार आणि बाकी एकदम देणारं फंक्शन) शंभराने भाग, बाकी दोन अंकी कर, डावीकडे शून्य भरून. ते शून्य विसरलास तर १२.०५ चं १२.५ होईल आणि एरर कुठेच येणार नाही.

अर्धविराम_हरवला : केलं, छान चाललंय. फक्त रिफंडच्या ओळीत उणे ५ सेंट होते, तिथे -१.९५ दिसतंय!

जुना_बग : हा हा, सगळे एकदा इथे आपटतात. पायथनचा पूर्णांक भागाकार खालच्या बाजूला जातो. उणे ५ भागिले १०० म्हणजे उणे १, बाकी ९५. चिन्ह आधी बाजूला काढ, एबीएस (चिन्हाशिवायची किंमत) घेऊन भाग, चिन्ह शेवटी लाव. सी भाषेत भागाकार शून्याकडे वळतो, म्हणून तिथे हाच घोळ '०.-५' असा दिसतो.

लोकेलग्रस्त : तो शंभर कोडमध्ये पक्का करू नका. येनला दशांश नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत. कुठल्या चलनाला किती, हे आयएसओ ४२१७ या चलनांच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये दिलेलं असतं. जर्मनमध्ये हजारांना टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, लाख-कोटीच्या पद्धतीत आधी तीन अंक आणि मग दोन-दोन. हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा बेबेल ही लायब्ररी घ्या. गेट-करन्सी-प्रिसिजनने दशांश विचारायचे, डेसिमल या अचूक दशांश प्रकाराच्या स्केलबीने तितकी घरं सरकवायची आणि फॉरमॅट-करन्सीला द्यायचं.

टॅब_की_स्पेस : पायथनसोबतच लोकेल (भाषा-देशानुसार आकडे मांडणारं) मॉड्यूल येतं की.

लोकेलग्रस्त : येतं, पण त्यातलं सेटलोकेल, म्हणजे लोकेल निवडणारं फंक्शन, अख्ख्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) लागू होतं. सर्व्हरवर एका थ्रेडने (त्याच प्रोग्रामातल्या एका समांतर कामाने) जर्मन लावलं तर शेजारच्यालाही जर्मन. शिवाय ते लोकेल मशीनवर बसवलेलं असावं लागतं.
आणि टेस्ट लिहिताना सांभाळ. फ्रेंच रकमेत हजारांच्या मधली जागा साधी स्पेस नसते. हाताने टाइप केलेल्या स्ट्रिंगशी ती जुळत नाही, डोळ्यांना मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. माझी दुपार गेली होती त्यात.

अर्धविराम_हरवला : बेबेल बसवलं. लॉगमध्ये एकच चलन असतं, तिथे डिव्हमॉडवालं फंक्शन ठेवलंय, चिन्ह दुरुस्त करून. येनच्या जुन्या नोंदी कोणीतरी शंभरने गुणून ठेवल्यात असं आत्ता दिसलं, त्याचा वेगळा धागा काढतो.