बायोकेमिस्ट्रीचं एम.एस्सी. खान्देशातच करावं का?

तापीकाठ:
भाची यंदा चोपड्यातून बी.एस्सी. झाली. घरात सगळ्यांचा एकच हेका, पुण्याला पाठवा. मला ते पटत नाही. जळगावात १९९० पासून आपलं विद्यापीठ आहे, आणि या विषयाचं काम तर दाराशीच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिन या प्रोटीनच्या बीटा साखळीत सहाव्या कडीच्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि तेवढ्यावर तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. केंद्राने २०२३ मध्ये मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा आहे. पावरी, भिली बोलणारे संशोधक आपण घडवायचे नाहीत तर कोणी?

अमळनेरकर:
भो, पाड्यावरच्या तपासणीला डी.एम.एल.टी. (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेली पोरं घेतात, तिथे एम.एस्सी.ला कोण विचारतो? माझंच सांगतो. आमच्या कॉलेजात एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, होतं, कुलूपबंद खोलीत. दोन वर्षांत एक सॅम्पल हाताने सोडलं नाही. पुढे अंकलेश्वरला औषध कंपनीत क्यूसीच्या, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाच्या, मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "कॉलम कधी बदललाय का?" कॉलम म्हणजे त्या यंत्रातली घटक वेगळे करणारी नळी. तिथेच संपलं. त्यात फार्मावाले आधी केमिस्ट्रीची पोरं घेतात. पोरीची दोन वर्षं घालवू नका. पुण्यात रसायनांवर काम करणारी एनसीएल आहे, पेशींवर काम करणारी एनसीसीएस आहे, दोन्ही राष्ट्रीय संशोधन संस्था. प्रोजेक्टला तिथे शिरता आलं तरी हात चालू लागतो.

शहाद्याची लेक:
दादा, कुलूप तुमच्या कॉलेजाने लावलं होतं, त्याचा राग अख्ख्या खान्देशावर का? माझा प्रोजेक्ट केळीच्या सालीवर होता. साल काळी पाडणारं एन्झाइम पॉलिफेनॉल ऑक्सिडेज. ते ज्या पदार्थावर काम करतं ते कॅटेकॉल त्यात घालायचं आणि ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती वेगाने चढतो ते मोजायचं. रंगाची तीव्रता मोजणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरला. पीएच बदलून, तापमान बदलून शेकडो रीडिंग मी स्वतः घेतली. एन्झाइमची गती मला पाठांतराने आलेली नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात तेच कामी आलं. जेआरएफ, म्हणजे त्या परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, मग पीएच.डी.ला खुशाल बाहेर जा.

अमळनेरकर:
ताई, मेहनत तुमची, मानलं. पण प्रोटीन शुद्ध करायचं, आरएनए जपायचं, तर उणे ८० अंशांचा फ्रीझर लागतो, आणि रात्री लाइट गेली तर तो चालू ठेवणारा जनरेटरही. आणि जेआरएफ नाही मिळाली तर? बहुतेकांना मिळत नाही. त्यांच्या हातात यंत्राचा अनुभव तरी असू द्या.

रावेरची बाग:
मी शेतकरी, यातलं फार कळत नाही. पण घड उतरल्यावर साल काळी पडली की व्यापारी भाव पाडतो. ताई, तुमच्या प्रोजेक्टमधून काय निघालं ते आम्हाला कोणी सांगायलाच आलं नाही.

शहाद्याची लेक:
बरोबर आहे तुमचं. रिपोर्ट विभागाच्या कपाटातच राहिला. तापमानाची रीडिंग मराठीत लिहून इथेच टाकते.

तापीकाठ:
अमळनेरकर, कुलपाचं मनाला लागलं. शनिवारी भाचीला घेऊन विभागात जातोय. यंत्रं किती आहेत हे विचारणार नाही. यंत्र कोणी कधी वापरलं त्याचं लॉगबुक उघडायला लावीन आणि गेल्या वर्षात एम.एस्सी.च्या पोरांच्या सह्या किती आहेत ते मोजीन. सह्या नसतील तर पुण्याचा फॉर्म मीच भरीन.