भावाला बँकॉकच्या डेटा एंट्रीची ऑफर आलीय. पैसे मागत नाहीत. जाऊ द्यावं का?

इचलकरंजीची_ताई
मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतेय. बी.कॉम. झालाय, टायपिंगच्या मराठी ३० आणि इंग्रजी ४० दोन्ही परीक्षा पास. सध्या एका सूत व्यापाऱ्याकडे टॅलीवर एंट्र्या मारतो, पगार बारा हजार. नोकरीच्या साइटवर बायोडाटा टाकला होता, त्यावरून टेलिग्रामवर एका बाईचा मेसेज आला. बँकॉकला डेटा एंट्री, महिना ७५ हजार, राहणं-जेवण कंपनीचं, तिकीटही कंपनीच काढणार. मुलाखत टेलिग्रामवरच. कॅमेरा याचा चालू, त्यांचा बंद. टायपिंगचा वेग बघितला, इंग्रजीत चार वाक्यं बोलायला लावली, आणि विचारलं काय, तर लग्न झालंय का, घरावर कर्ज आहे का. संध्याकाळी ऑफर लेटर हजर! पासपोर्टचे फोटो त्याने पाठवूनही दिलेत.

मी काही बोलले की त्याचं एकच पालुपद, "ताई, फसवणारे पैसे मागतात. हे तर उलट तिकीट देतायत." यावर मला उत्तर सुचत नाही. आईने बॅग काढून ठेवलीय. काय काय तपासू?

राजा_माणूस
माझा मावसभाऊ असाच दुबईला गेला, मजेत आहे. प्रत्येक गोष्टीत काळंबेरं बघू नये. पोराला संधी मिळतेय तर जाऊ द्या.

सीलोमकर
राजाभाऊ, तुमचा मावसभाऊ कामाचा व्हिसा हातात घेऊन गेला असेल. फरक तिथेच आहे.

ताई, मी बँकॉकमध्येच असतो, सीलोम भागात, रत्नांच्या धंद्यात. भावाच्या पालुपदाचं उत्तर आधी देतो. पैसे मागत नाहीत, कारण त्याच्याकडून काही काढायचंच नाहीये. त्यालाच विकायचंय. माणूस पोचवणाऱ्याला माणशी दाम मिळतो, तिकीट त्यातूनच सुटतं.

सुवर्णभूमी विमानतळावर गाडी घ्यायला येते. ऑफिस बँकॉकात असेल तर तास-दीड तासात पोचायला हवं. ही गाडी मात्र चालतच राहते आणि पाचेकशे किलोमीटरवर मे सोतला थांबते. तिथे मोई नदी, पाऊस नसला की पाणी बेताचंच. पलीकडे म्यानमारचं म्यावाडी, आणि केके पार्कसारखी कुंपण घातलेली आवारं. आत गेलं की पासपोर्ट काढून घेतात. काम काय, तर खोट्या नावाने परक्या माणसांशी गोडगोड चॅट करायचं आणि शेवटी त्यांना क्रिप्टोत पैसे टाकायला लावायचं. टायपिंग आणि इंग्रजी त्यासाठी बघतात. सुटायचं म्हटलं की घरच्यांकडे खंडणी. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी लागोपाठ दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले, ते अशाच आवारांतून सुटलेले.

आता इथला कायदा. परदेशी माणसाने करायची नाहीत अशा कामांची थायलंडमध्ये यादी आहे. केस कापणं, दुकानात माल विकणं, टुरिस्ट गाइड, आणि कारकुनी! म्हणजे डेटा एंट्रीसाठी वर्क परमिट मिळायचंच नाही. शिवाय साध्या कंपनीला एका परदेशी माणसामागे चार थाई लोक कामावर दाखवावे लागतात. टायपिंगसाठी एवढा खटाटोप कोण करतो? खरी नोकरी असेल तर 'नॉन-इमिग्रंट बी' हा कामाचा व्हिसा भारतातूनच काढून निघायचं असतं, मुंबईत थाई वकिलात आहे. त्या बाईला एवढंच विचारा, व्हिसा कुठला?

परवानावाला
मुंबईत नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटाकडे नोकरीला आहे. सीलोमकरांचं सगळं बरोबर, थोडी भर घालतो.

सरकारच्या 'ई-मायग्रेट' साइटवर परवानाधारक एजंटांची यादी कोणालाही बघता येते. पण लेटरहेडवर नंबर आहे म्हणून खूश होऊ नका, दुसऱ्याचा नंबर बिनधास्त छापतात. यादीत जो फोन दिलाय त्यावर स्वतः लावून विचारायचं. एजंटाला फी घेता येते ती जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, तीही पावती देऊन.

विमानतळावर कोणीतरी अडवेल या भरवशावर राहू नका. कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते अशा, म्हणजे ईसीआरच्या, १८ देशांत थायलंड आहे खरा, पण ती मंजुरी दहावी न झालेल्यांना लागते. भाऊ पदवीधर, त्याला कोण विचारतो?

आणि तो बायोडाटा बघा एकदा. आमच्याकडे पोरं आधार नंबर, जन्मतारीख, वडिलांचा धंदा, घर नंबरासकट पत्ता असं सगळं लिहून आणतात, जणू स्थळ बघायला आलेत. शिक्षण, अनुभव, गाव, ईमेल पुरे. आधार मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

इचलकरंजीची_ताई
व्हिसाचं विचारायला लावलं. उत्तर आलं, "टुरिस्ट म्हणून या, इथे कन्व्हर्ट करू, आज रात्रीपर्यंत होय म्हणा." ऑफिस व्हिडिओवर दाखवा म्हटल्यावर बाईने चॅटच उडवलं. मी आधीच स्क्रीनशॉट काढायला लावले होते, ते आहेत.

भाऊ जात नाहीये, पण धुमसतोय. म्हणतो, बारा हजारांवर किती वर्षं काढू? त्याचंही खोटं नाही. पासपोर्टचे फोटो गेलेत त्याचं काय करायचं?

परवानावाला
१९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन मुख्यतः पैसे गेलेल्यांसाठी, तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, टेलिग्रामचं युजरनेम आणि स्क्रीनशॉट जोडा. पोच जपून ठेवा, उद्या त्या फोटोंवर कोणी सिम किंवा कर्ज काढलं तर कामाला येईल. त्याच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' साइटवर दिसतं, अधूनमधून बघत जा.

शाहूपुरी_कट्टा
ताई, त्याला जीएसटी रिटर्न भरता येतात का? कोल्हापुरात आमच्या ओळखीच्या एका सीएंना टॅलीवाला माणूस हवाय, अठरापर्यंत देतील. ऑफिसात समोरासमोर बसून बोलायचं. येत असेल तर निरोप टाका.